लॅबव्ह्यूची फाइल करप्ट झाली असं वाटतंय? या क्रमाने पुढे जा

टेस्ट बेंच तयार आहे, सेन्सर जोडलेले आहेत, आणि मेन व्हीआय, म्हणजे प्रोग्रामची मुख्य फाइल, उघडायला गेलं की लॅबव्ह्यू एरर देतं किंवा सरळ क्रॅश होतं. लॅबव्ह्यूवर, म्हणजे मोजमाप आणि टेस्टिंगसाठी चित्ररूपात प्रोग्राम बांधायच्या या सॉफ्टवेअरवर, नव्याने काम करणाऱ्यांची इथे सर्वात जास्त घालमेल होते. सी किंवा पायथनचा प्रोग्राम बिघडला तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून निदान वाचता येते. व्हीआयच्या बाबतीत तशी सोय नाही. लॅबव्ह्यू १९८६ मध्ये पहिल्यांदा मॅकिंटॉशसाठी आलं तेव्हापासून त्यातला प्रोग्राम हे चित्रच आहे, आणि ते चित्र बायनरी फाइलमध्ये साठवलं जातं. एका व्हीआय फाइलमध्ये फ्रंट पॅनल (बटणांसारखी कंट्रोल असलेला पडदा), ब्लॉक डायग्राम (नोड आणि वायर यांनी बनलेला प्रत्यक्ष प्रोग्राम), आयकॉन, कनेक्टर पेन (दुसऱ्या व्हीआयमधून वायर जोडायच्या जागा), सबव्हीआयचे, म्हणजे आत वापरलेल्या इतर व्हीआयचे, पत्ते आणि बहुतेक वेळा कंपाइल झालेला मशीन कोडसुद्धा वेगवेगळ्या कप्प्यांत असतो.

हे कप्पे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. एक कप्पा बिघडला म्हणजे सगळी फाइल गेली असं नसतं. नेमका कोणता कप्पा बिघडलाय हे कळलं की अर्धं काम होतं. आणि माझ्या अनुभवात 'करप्ट' म्हणून समोर येणाऱ्या फाइलींपैकी बऱ्याच फाइली करप्ट नसतातच.

आधी जवळ काय हवं

- बिघडलेली फाइल आणि तिचं संपूर्ण प्रोजेक्ट फोल्डर
- फाइल शेवटची ज्या आवृत्तीत सेव्ह झाली ती लॅबव्ह्यूची आवृत्ती, ३२ बिट की ६४ बिट या माहितीसह
- त्या प्रोजेक्टला लागणारे ड्रायव्हर आणि मॉड्यूल यांची यादी, उदाहरणार्थ डॅकएमएक्स, व्हिसा, रिअल-टाइम, एफपीजीए
- एखादा हेक्स एडिटर (फाइलच्या बाइट जशाच्या तशा दाखवणारा प्रोग्राम), कोणताही मोफत चालेल
- शक्य असेल तर लॅबव्ह्यू असलेला दुसरा कॉम्प्युटर
- एरर मेसेजचा स्क्रीनशॉट, तोही पूर्ण. खालच्या ओळी कापलेला स्क्रीनशॉट उपयोगाचा नसतो, कारण कामाची माहिती बहुधा तिथेच असते.

१. लॅबव्ह्यू अजून चालू असेल तर बंद करू नका

सेव्ह करताना एरर आला, नेटवर्क ड्राइव्ह तुटला किंवा डिस्क भरली, तरी व्हीआय मेमरीत शाबूत असू शकते. डिस्कवरची फाइल अर्धवट लिहिली गेलेली असते, पण स्क्रीनवर दिसणारा डायग्राम पूर्ण असतो. अशा वेळी फाइल मेनूतून सेव्ह ॲज घ्या आणि स्थानिक डिस्कवर, नव्या फोल्डरमध्ये, नव्या नावाने प्रत ठेवा. सबव्हीआय उघड्या असतील तर त्यांच्याही. हे सगळं झाल्यावरच लॅबव्ह्यू बंद करा.

एरर आला की घाबरून प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायची सवय बहुतेकांना असते. इथे ती सवय शेवटची चांगली प्रत घालवते.

२. पूर्ण फोल्डरची प्रत काढा, मूळ फोल्डरला हात लावू नका

फक्त बिघडलेली फाइल नको, अख्खं प्रोजेक्ट फोल्डर कॉपी करा. पुढच्या काही पायऱ्या फाइली पुन्हा सेव्ह करतात, म्हणजे डिस्कवरच्या फाइलीच बदलतात. मूळ फोल्डर झिप करून बाजूला ठेवा आणि प्रयोग फक्त प्रतीवर करा.

एक सापळा लगेच सांगतो. प्रत उघडल्यावर लॅबव्ह्यू मेमरीत आधीपासून असलेली त्याच नावाची मूळ सबव्हीआय वापरू शकतं. लॅबव्ह्यू एका ॲप्लिकेशन इन्स्टन्समध्ये एकाच नावाच्या दोन व्हीआय ठेवत नाही. म्हणून प्रत उघडण्याआधी लॅबव्ह्यू पूर्ण बंद करा, आणि मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला. नाहीतर तुम्ही प्रतीवर काम करतोय असं समजाल आणि बदल मूळ फाइलीत होतील.

३. फाइल खरंच करप्ट आहे का ते ठरवा

एरर मेसेज शब्दशः वाचा. खालच्या परिस्थितींत फाइल शाबूत असते.

*रनचा बाण तुटलेला आहे.* हा प्रोग्रामिंगमधला दोष आहे. कंट्रोल आणि एल दाबा, एरर लिस्ट उघडते, तिथे कारण लिहिलेलं असतं.

*व्हीआय नव्या आवृत्तीतली आहे.* लोड एरर कोड ९ किंवा एरर ११२५ आला तर फाइल तुमच्यापेक्षा नव्या लॅबव्ह्यूमध्ये सेव्ह झाली आहे. नवी आवृत्ती असलेल्या सहकाऱ्याला ती उघडून 'सेव्ह फॉर प्रीव्हियस व्हर्जन' करून द्यायला सांगा.

*ब्लॉक डायग्राम दिसतच नाही.* फ्रंट पॅनल उघडतं, प्रोग्राम चालतो, पण डायग्राम उघडत नाही. ही व्हीआय बहुधा डायग्राम काढून वितरित केली आहे किंवा तिला पासवर्ड आहे. डायग्राम काढलेल्या फाइलमधून तो परत मिळवता येत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याकडे मूळ फाइल मागणं एवढाच मार्ग उरतो.

*सबव्हीआय शोधण्याची खिडकी उघडते.* फाइल हललेली आहे किंवा ड्रायव्हर बसवलेला नाही. नव्या कॉम्प्युटरवर डॅकएमएक्स नसेल तर जुनी, चांगली चालणारी व्हीआय डझनभर प्रश्नचिन्हांसह उघडते. ड्रायव्हर बसवा, प्रश्नचिन्हं जातात.

*व्हीआय उघडते आणि क्षणात बंद होते.* तिच्या प्रॉपर्टीत उघडताच चालण्याची सेटिंग असेल आणि शेवटी लॅबव्ह्यू बंद करण्याचा नोड असेल तर असं होतं. नवी रिकामी व्हीआय घ्या, ही फाइल तिच्या ब्लॉक डायग्रामवर सबव्हीआय म्हणून टाका आणि तिच्यावर डबल-क्लिक करा. अशी उघडली की ती आपोआप चालत नाही.

या टप्प्यावरचे दोन सापळे फार नुकसान करतात. सबव्हीआय सापडत नसताना 'इग्नोर' करून व्हीआय उघडली असेल, तर बंद करताना सेव्ह करू नका. आणि त्या अवस्थेत कंट्रोल आणि बी दाबू नका. तो शॉर्टकट तुटलेल्या सगळ्या वायर पुसतो. सबव्हीआय गायब असल्यामुळे तुटलेल्या दिसणाऱ्या वायर ती सापडल्यावर आपोआप जोडल्या गेल्या असत्या. पुसल्यावर त्या हाताने ओढत बसावं लागतं, आणि मोठ्या डायग्राममध्ये कोणती वायर कुठे होती हे कोणालाच आठवत नाही.

आता खऱ्या बिघाडाची लक्षणं. 'लोड एरर कोड ३, फ्रंट पॅनल लोड करता आलं नाही', ब्लॉक डायग्राम लोड न झाल्याचा तसाच मेसेज, 'कोड ३८, व्हीआयचा काही भाग अनकंप्रेस करता आला नाही', 'इन्सेन ऑब्जेक्ट' अशी खिडकी, किंवा ठरावीक फाइल उघडताच दरवेळी होणारा क्रॅश. यांपैकी काही असेल तर पुढे वाचा.

४. फाइलच्या पहिल्या सोळा बाइट पाहा

ही तपासणी मिनिटभराची आहे, आणि पुढे मेहनत करण्यात अर्थ आहे की नाही ते सांगते. आधी फाइलचा आकार बघा. शून्य बाइट असेल तर आत काहीच नाही, थेट पायरी ५ वर जा. आकार ठीक असेल तर प्रत हेक्स एडिटरमध्ये उघडा. विंडोजमध्ये पॉवरशेलची फॉरमॅट-हेक्स ही कमांडही चालते.

चांगल्या व्हीआयची सुरुवात अशी असते. पहिल्या चार बाइटमध्ये आर-एस-आर-सी ही कॅपिटल अक्षरं. मग ०डी आणि ०ए या दोन बाइट, म्हणजे कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. त्यानंतर दोन बाइटचा फॉरमॅट क्रमांक, आणि मग एल-व्ही-आय-एन-एल-बी-व्ही-डब्ल्यू ही आठ अक्षरं. कंट्रोल फाइलमध्ये त्या जागी एल-व्ही-सी-सी आणि लायब्ररी फाइलमध्ये एल-व्ही-ए-आर दिसतं, पुढची एल-बी-व्ही-डब्ल्यू ही अक्षरं तीच.

तुम्हाला काय दिसतंय?

*सगळीकडे शून्य.* आकार बरोबर, पण पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत शून्य. सेव्ह होत असताना वीज गेली की हे होतं. एनटीएफएस फाइलचं नाव, आकार वगैरे नोंदी जर्नलमध्ये सांभाळते, आतला मजकूर नाही. नोंद झाली, मजकूर डिस्कवर पोहोचण्याआधी वीज गेली. या फाइलमधून वाचवण्यासारखं काही नाही. तिच्यावर संध्याकाळ घालवू नका, बॅकअप शोधा.

*आर-एस-आर-सी नंतर ०डी गायब, किंवा ०डी दोनदा.* वाटेत कोणीतरी फाइलला मजकूर समजून ओळींचे शेवट बदलले आहेत. जुना एफटीपी प्रोग्राम ॲस्की मोडमध्ये असेल किंवा व्हर्जन कंट्रोलमध्ये सगळ्या फाइली टेक्स्ट म्हणून जाहीर केल्या असतील, तर हा प्रकार होतो. उलटी अदलाबदल करून फाइल दुरुस्त करायचा मोह होतो, पण आतल्या डेटात मुळात कुठे ०ए एकटा होता आणि कुठे जोडीने, हे आता सांगता येत नाही. पाठवणाऱ्याकडून फाइल झिप करून पुन्हा घ्या.

*सुरुवातीला भलतंच काही.* वेबपेजचा मजकूर दिसला तर डाउनलोड करताना फाइलऐवजी लॉगिनचं पान सेव्ह झालंय. पी-के ही अक्षरं दिसली तर ती झिप फाइल आहे आणि कोणीतरी तिचं एक्स्टेन्शन बदललंय.

*सुरुवात बरोबर आहे.* मग बिघाड आतल्या एखाद्या कप्प्यात आहे, आणि पुढच्या पायऱ्यांना अर्थ आहे.

५. चांगली जुनी प्रत शोधा

दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी हे करा. तीन दिवस जुनी, पण धड प्रत मिळाली तर तीन दिवसांचं काम पुन्हा करणं बहुधा दुरुस्तीपेक्षा लवकर होतं.

लॅबव्ह्यू क्रॅश झाल्यावर पुन्हा उघडताना रिकव्हर करण्याजोग्या फाइलींची यादी दाखवतं. घाईत ती 'डिस्कार्ड' केली असेल तरी निराश होऊ नका. त्या फाइली पुसल्या जात नाहीत. डॉक्युमेंट्समधल्या लॅबव्ह्यू डेटा फोल्डरमध्ये एलव्हीऑटोसेव्ह आहे, त्यात आर्काइव्ह्ज नावाचं फोल्डर आहे, तिथे त्या हलवल्या जातात. हे फोल्डर असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

नंतर विंडोजच्या फाइल प्रॉपर्टीमधला 'प्रीव्हियस व्हर्जन्स' टॅब, क्लाउड ड्राइव्हची व्हर्जन हिस्टरी, गिट किंवा एसव्हीएन, जुन्या ईमेलमधली अटॅचमेंट, टेस्ट बेंचच्या कॉम्प्युटरवर राहिलेली प्रत, हे सगळं चाळा. बेंचवरची प्रत विसरली जाते. आणखी एक जागा म्हणजे व्हीआय स्निपेट. २००९ च्या आवृत्तीपासून डायग्रामचा तुकडा पीएनजी चित्र म्हणून सेव्ह करता येतो आणि त्या चित्रातच कोड दडलेला असतो. कोणी डॉक्युमेंटेशनसाठी तशी चित्रं काढून ठेवली असतील तर मूळ पीएनजी ब्लॉक डायग्रामवर ओढून टाका, कोड परत मिळतो. चित्र वर्डमध्ये चिकटवलेलं किंवा मेसेजिंग ॲपवरून आलेलं असेल तर आतली माहिती बहुधा निघून गेलेली असते.

एक्झिक्युटेबल हातात आहे म्हणजे व्हीआय परत काढता येईल, असं समजू नका.

६. बिघाड फक्त कंपाइल झालेल्या कोडमध्ये असू शकतो

हा सर्वात सुखाचा प्रकार. चित्र ठीक असतं, त्यापासून बनवलेला मशीन कोड बिघडलेला असतो, आणि तो पुन्हा बनवता येतो.

२०१० च्या आवृत्तीपासून कंपाइल झालेला कोड व्हीआयपासून वेगळा ठेवता येतो. तसा ठेवला असेल तर तो एका कॅशेमध्ये साठतो. टूल्स मेनू, ॲडव्हान्स्ड, क्लिअर कंपाइल्ड ऑब्जेक्ट कॅशे. कॅशे रिकामी करा, लॅबव्ह्यू बंद करून उघडा, मग व्हीआय उघडा. यात तुमच्या कोडचं काहीही जात नाही. पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो इतकंच.

व्हीआय उघडत असेल पण चालवताना विचित्र वागत असेल, तर कंट्रोल धरून रनच्या बाणावर क्लिक करा, ती व्हीआय पुन्हा कंपाइल होते. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरून क्लिक केलं तर मेमरीतल्या तिच्या सगळ्या सबव्हीआयही पुन्हा कंपाइल होतात.

उघडतच नसेल तर दुसरा कॉम्प्युटर इथे कामाला येतो. ३२ बिटवर सेव्ह झालेली फाइल ६४ बिटच्या लॅबव्ह्यूमध्ये किंवा थोड्या नव्या आवृत्तीत उघडून पाहा. तिथे जुना मशीन कोड वापरताच येत नसल्याने लॅबव्ह्यू तो नव्याने बनवतं. उघडली तर लगेच नव्या नावाने सेव्ह करा. नव्या आवृत्तीत उघडली असेल तर 'सेव्ह फॉर प्रीव्हियस व्हर्जन'ने परत आणा.

७. दोषी मेन व्हीआय आहे की सबव्हीआय?

मेन व्हीआय उघडताना तिच्याबरोबर सगळी सबव्हीआय, टाइपडेफ (अनेक व्हीआयमध्ये वापरायची कंट्रोलची सामायिक व्याख्या), क्लासही लोड होतात. यांतली एकच फाइल बिघडलेली असली तरी खापर मेनवर फुटतं.

प्रतीच्या फोल्डरमधली फक्त मेन व्हीआय एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये हलवा आणि बाकी फोल्डरचं नाव बदला, म्हणजे लॅबव्ह्यूला सबव्हीआय सापडणार नाहीत. आता मेन उघडा, शोधायची खिडकी आली की इग्नोर करा. प्रश्नचिन्हांसह का होईना, पण उघडली, तर मेन निर्दोष आहे आणि बिघाड सबव्हीआयमध्ये आहे. सेव्ह न करता बंद करा. तरीही क्रॅश झाली तर दोष तिच्यातच.

सबव्हीआयमध्ये शोधायचं असेल तर टूल्स, ॲडव्हान्स्ड, मास कंपाइल (फोल्डरमधल्या सगळ्या व्हीआय एकदम पुन्हा कंपाइल करणं). त्याला प्रतीचं फोल्डर द्या आणि लॉग फाइल लिहायला सांगा. लॉगमध्ये 'बॅड व्हीआय' अशा नोंदी येतात. तुटलेला बाण असलेली प्रत्येक व्हीआयही तिथे बॅड म्हणून येते, त्यामुळे यादी लांब दिसली तरी दचकू नका. आपल्याला लोडच न झालेली फाइल हवी आहे. एखाद्या फाइलवर मास कंपाइलच क्रॅश झालं, तर लॉगची शेवटची ओळ बघा, त्या आसपासची फाइल दोषी आहे.

मास कंपाइल ज्या फाइलींना हात लावतं त्या पुन्हा सेव्ह करतं. मूळ फोल्डरवर ते कधीच चालवू नका, हा या लेखातला सर्वात कळकळीचा इशारा समजा. नव्या आवृत्तीच्या लॅबव्ह्यूमधून मूळ फोल्डरवर ते चालवलं, तर सगळं प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत जातं आणि टीममधल्या बाकीच्यांचं काम थांबतं.

दोषी फाइल लॅबव्ह्यूच्याच व्हीआय-लिब फोल्डरमधली निघाली तर तिची दुरुस्ती करत बसू नका. लॅबव्ह्यू बनवणाऱ्या एनआय कंपनीच्या पॅकेज मॅनेजरमधून ते पॅकेज रिपेअर करा.

८. इन्सेन ऑब्जेक्ट: बिघडलेला तुकडा शोधून वगळणं

'इन्सेन ऑब्जेक्ट' हा शब्द वाचून धडकी भरते, पण त्याचा अर्थ चांगला आहे. लॅबव्ह्यूने फाइल उघडली, वाचली, आणि त्यातली एक वस्तू आतल्या नियमांत बसत नाही असं त्याला आढळलं. बाकी सगळं बहुधा शाबूत आहे.

मेसेजमध्ये एफपीएचपी दिसलं तर वस्तू फ्रंट पॅनलवर आहे. बीडीएचपी दिसलं तर ब्लॉक डायग्रामवर. ही चार अक्षरं बघितल्याशिवाय खिडकी बंद करू नका. पुढे ऑब्जेक्टचा प्रकारही लिहिलेला असतो, तोही टिपून ठेवा. समजा तिथे ग्राफचा उल्लेख आहे आणि पॅनलवर एकच ग्राफ आहे, तर शोध तिथेच संपला. तो ग्राफ पुसा, नवा टाका, त्याच वायर जोडा, नव्या नावाने सेव्ह करा, लॅबव्ह्यू बंद करून पुन्हा उघडा.

इतकं सरळ नसेल तर निम्मं-निम्मं करत जायचं. व्हीआय नव्या नावाने सेव्ह करा. डायग्रामचा अर्धा भाग पुसा. कंट्रोल-शिफ्ट-रनने पुन्हा कंपाइल करा, सेव्ह करा, बंद करून उघडा. मेसेज गेला, म्हणजे वस्तू पुसलेल्या अर्ध्यात होती. मेसेज राहिला, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात आहे. त्या अर्ध्याचं पुन्हा निम्मं. मोठा डायग्रामसुद्धा काही फेऱ्यांत एका केस स्ट्रक्चरपर्यंत, मग एका नोडपर्यंत येतो. दरवेळी बंद करून उघडायचं मात्र टाळू नका, कारण मेसेज बहुधा लोड किंवा सेव्ह करतानाच येतो.

तुकडा सापडला तरी माझा सल्ला असा की जुन्या फाइलमध्ये मलमपट्टी करण्यापेक्षा नवी, रिकामी व्हीआय घ्या आणि चांगला भाग तिच्यात कॉपी करा. जुन्या फाइलमध्ये आणखी काय हललंय हे कळायला मार्ग नाही. कॉपी करताना काय हरवतं ते माहीत असलं की त्रास वाचतो:

- लोकल व्हेरिएबल आणि प्रॉपर्टी नोड त्यांच्या कंट्रोलसोबत एकाच वेळी निवडून कॉपी करा. वेगवेगळे नेले तर नातं तुटतं आणि लोकल व्हेरिएबलवर प्रश्नचिन्ह येतं.
- इव्हेंट स्ट्रक्चरच्या प्रत्येक केसमध्ये कोणत्या कंट्रोलचा कोणता इव्हेंट आहे ते जुन्या फाइलशी ताडून बघा.
- डायग्रामवरून कॉपी केलं की कंट्रोल पॅनलवर येतात, पण टॅबमधली मांडणी, शोभेच्या चौकटी आणि सुटी लेबलं येत नाहीत. पॅनल शाबूत असेल तर ते आधी कॉपी करा.
- कनेक्टर पेन नव्याने जोडावं लागतं. तोच पॅटर्न घ्या आणि तीच टर्मिनलं त्याच जागी ठेवा, नाहीतर ही सबव्हीआय वापरणाऱ्या प्रत्येक व्हीआयमध्ये वायर तुटतील.
- व्हीआय प्रॉपर्टीतल्या सेटिंग येत नाहीत. रीएंट्रन्सी (एकच व्हीआय एकाच वेळी अनेक ठिकाणी चालू देणारी सेटिंग) विसरली तर प्रोग्राम चालतो, एररही येत नाही, पण समांतर चालणारे टेस्ट एकमेकांची वाट बघत बसतात. अशी चूक शोधायला फार जड जाते.

फ्रंट पॅनल गेलंय आणि डायग्राम उघडतोय, किंवा उलट, असंही होतं. जे उघडतं ते सगळं नव्या व्हीआयमध्ये घ्या. उघडत नसलेल्या भागाचे स्क्रीनशॉट, छापलेली कागदं, जुन्या रिपोर्टमधली चित्रं गोळा करून तो भाग हाताने बांधा.

९. टाइपडेफ, प्रोजेक्ट आणि एलएलबी

टाइपडेफची कंट्रोल फाइल करप्ट झाली तर ती वापरणाऱ्या सगळ्या व्हीआय एकदम तुटतात आणि आभाळ कोसळल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात सुटका सोपी आहे. ज्या व्हीआयमध्ये तो टाइपडेफ वापरला आहे, तिच्यात त्याची शेवटची प्रत साठवलेली असते. तशी एक व्हीआय उघडा, तो क्लस्टर किंवा एनम नव्या कंट्रोल फाइलमध्ये कॉपी करा, 'टाइप डेफ' निवडा, आणि जुन्याच नावाने जुन्याच जागी सेव्ह करा.

प्रोजेक्ट फाइल एक्सएमएल असते, ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. गिटमध्ये मर्ज करताना राहिलेल्या कॉन्फ्लिक्टच्या खुणा हे तिच्या बिघाडाचं नेहमीचं कारण. त्या काढा. जमत नसेल तर नवं प्रोजेक्ट बनवून फाइली त्यात टाका. बिल्ड स्पेसिफिकेशन मात्र पुन्हा भरावी लागतात, म्हणून जुनी एक्सएमएल शेजारी उघडी ठेवा. प्रोजेक्टशेजारची एलव्हीएलपीएस फाइल स्थानिक सेटिंगची असते, ती काढून बघायला हरकत नाही. क्लासची फाइलही एक्सएमएलच असते, पण क्लासचा प्रायव्हेट डेटा तिच्यातच सांकेतिक रूपात असतो. त्या ओळींना हाताने स्पर्श करू नका.

एलएलबी, म्हणजे अनेक व्हीआय एकत्र ठेवणारी लायब्ररी फाइल, हिच्याबद्दल माझं मत ठाम आहे. पन्नास व्हीआय एकाच फाइलमध्ये ठेवल्या की एका बिघाडात पन्नासही धोक्यात येतात, आणि व्हर्जन कंट्रोलला आत काय बदललं ते दिसत नाही. एलएलबी मॅनेजरने ती फोल्डरमध्ये रूपांतरित करा. बिघडलेल्या एलएलबीमधल्या व्हीआयही तिथूनच एकेक करून बाहेर काढून बघा.

१०. प्रोग्राम ठीक, पण टेस्टचा डेटा उघडत नाही

टीडीएमएस ही मोजमापांचा डेटा साठवायची फाइल, आणि तिच्याशेजारी टीडीएमएस-इंडेक्स नावाची छोटी फाइल असते. टेस्ट चालू असताना वीज गेली किंवा फक्त एकच फाइल दुसरीकडे कॉपी झाली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि डेटा करप्ट आहे असा समज होतो. इंडेक्स फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा आणि टीडीएमएस पुन्हा उघडा, लॅबव्ह्यू इंडेक्स नव्याने बनवतं.

तरीही उघडत नसेल तर प्रत हेक्स एडिटरमध्ये बघा. टीडीएमएस तुकड्यातुकड्यांनी लिहिली जाते आणि प्रत्येक तुकडा टी-डी-एस-एम या अक्षरांनी सुरू होतो, त्यातलं एम लहान लिपीतलं. या अक्षरांपासूनच सुरू होणाऱ्या २८ बाइटच्या मथळ्यात पुढचा तुकडा किती अंतरावर आहे ते लिहिलेलं असतं. लिहिता लिहिता प्रोग्राम मेला तर शेवटच्या तुकड्यात त्या अंतराच्या जागी सगळ्या बाइट एफएफ राहतात. म्हणजे आधीचे तुकडे चांगले आहेत, फक्त शेपूट अर्धवट आहे. प्रत काढल्याशिवाय अशी फाइल डीफ्रॅगमेंट करू नका. लांब चालणाऱ्या टेस्टमध्ये ठरावीक अंतराने टीडीएमएस फ्लश टाकला तर वीज गेल्यावर गमावण्यासारखं कमी उरतं.

११. सपोर्टकडे पाठवताना

इथवर येऊनही फाइल उघडत नसेल तर एनआयच्या सपोर्टची मदत घ्या. मूळ झिप पाठवा, तुम्ही प्रयोग केलेली प्रत नको. सोबत लॅबव्ह्यूची आवृत्ती आणि बिट, ऑपरेटिंग सिस्टिम, एररचा पूर्ण मजकूर, बिघाडाच्या आधी काय झालं ते, आणि डॉक्युमेंट्समधल्या लॅबव्ह्यू डेटा फोल्डरमधलं एलव्हीइंटर्नलरिपोर्ट्स हे फोल्डर जोडा, क्रॅशच्या नोंदी त्यात असतात. वरच्यापैकी कोणत्या पायऱ्या करून झाल्या तेही लिहा, म्हणजे त्याच गोष्टी पुन्हा करायला सांगण्यात दिवस जाणार नाहीत. फाइलमध्ये ग्राहकाचा गोपनीय टेस्ट असेल तर पाठवण्याआधी परवानगी घ्या.

उत्तराची वाट बघताना रिकामे बसू नका. व्हर्जन कंट्रोलमध्ये व्हीआय, कंट्रोल आणि एलएलबी या एक्स्टेन्शनना बायनरी म्हणून जाहीर करा. चालू प्रोजेक्ट क्लाउडशी सिंक होणाऱ्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधून बाहेर काढा, कारण सेव्ह होत असलेल्या फाइलला सिंक प्रोग्रामने मध्येच धरलं की हीच दुखणी पुन्हा येतात. आणि ऑप्शन्समध्ये जाऊन रिकव्हरीसाठी ऑटोसेव्ह चालू आहे का ते बघून घ्या. ते बंद असलेले बेंच कॉम्प्युटर मी पुष्कळ पाहिले आहेत.